फणसाचा कटोरा

"मग बाबा, राजकोटचा घेऊ की बिडाचा?"

 मठाचे बाबा शेंगा सोलत होते.

मठाच्या ओसरीवर दिगंबर हावळ दोन लेथची चित्रं पसरून बसला होता. लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवायचं यंत्र. फिरत्या लाकडाला पटाशी लावली की ते गोल कातून निघतं. गडहिंग्लजचं कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून दिगंबरने परसातल्या रिकाम्या गोठ्यात असा एक छोटा लेथ मांडला होता. त्यावर तो लाटणी, रव्या, वाट्या करी आणि येईल त्याला बळेच देई. त्याच्या गल्लीत लाटण्यांचा तुटवडा आता सात पिढ्या पडणार नव्हता.

"हा राजकोटचा नवा. वेग कमीजास्त करायला बटण आहे. पण हलका. जड लाकूड चढवलं की नाचणार. हा दुसरा जुना आहे, बंद पडलेल्या एका कारखान्यातला. सगळा बिडाचा, ओतीव लोखंडाचा, चार माणसांना हलत नाही. फक्त थ्री फेज वीज घ्यावी लागेल, आणि गोठ्यात काँक्रीटचा चौथरा."

"हाय त्याच्यावर काय होत न्हाई?"

"त्याच्यावर वीतभराचंच भांडं होतं, बाबा. मोठ्यावर..." दिगंबरने दोन्ही हात फाकवले. "एवढी काठवट होईल! अक्षय तृतीयेच्या भंडाऱ्याला सगळ्या गावाचा भात एकाच काठवटीत. लाकूडही बघून ठेवलंय. परवाच चुलत्यांच्या परड्यातला फणस पाडला. बुंधा मिठीत मावत नाही."

"परवा पाडला?"

"हो. ताजा, तुकतुकीत."

बाबांनी एक शेंग फोडली. "बरं..." म्हणाले.

कोणता लेथ घ्यायचा हे दिगंबरने खरं तर घरीच ठरवलं होतं. बिडाचा. त्याला ऐकायचं होतं ते वेगळंच. गेल्या दत्तजयंतीला त्याने भर सभेत बाबांना फणसाच्या लाकडाचा कटोरा अर्पण केला होता. तेव्हापासून बाबा त्यातच जेवत, त्यातच पाणी पीत. पण कटोरा चांगला झालाय, असं ते एकदाही म्हणाले नव्हते. त्या एका शब्दासाठी हा माणूस महिनोन् महिने झुरत होता. लेथचं निमित्त म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार.

"तुमचा कटोरा छोट्यावरच केला होता," तो सहज आठवल्यासारखं म्हणाला. "तो... बरा आहे ना?"

बाबा हसले. "रोज हातात असतोय."

दिगंबर थांबला. पुढे काही येईल म्हणून थांबला.

बाबांनी पुढची शेंग उचलली.

आता बाबांच्या पाणी प्यायच्या रीतीबद्दल सांगायला हवं. कटोरा ते दोन्ही हातांत धरत, आणि उजवा अंगठा खाली बुडाशी घट्ट दाबून मगच तोंडाला लावत. ही गोष्ट हेरली दिगंबरने, आणि तिचा अर्थही त्यानेच लावला. अंगठा म्हणजे 'मी'. 'मी' दाबून धरला तरच तहान भागते. गुरुवारच्या सत्संगात त्याने हे तासभर समजावून सांगितलं होतं. बायकांनी डोळे पुसले होते.

तेव्हापासून सत्संगातली मंडळी स्टीलच्या पेल्यालाही अंगठा दाबून पाणी पितात. निवृत्त तलाठी साळोखे यांनी तर कढत चहाच्या कपाला दाबला. फोड आला. साधनेत एवढं सोसावंच लागतं, असं दिगंबरने त्यांना सांगितलं होतं.

"उन्हातनं आलायस. पाणी पी," बाबा म्हणाले, आणि त्यांनी आपला कटोरा दिगंबरपुढे केला.

स्वतःचा कटोरा!

मठात स्वयंपाक करणारी सोनाक्का तांब्या घेऊन आली. कटोरा कुणाच्या हातात आहे ते बघून ती दारातच थबकली.

"बाबा, त्यास्नी पेला देते की..."

"असू दे. वत."

सोनाक्काने पाणी ओतलं आणि पदर तोंडाशी धरून बाजूला उभी राहिली.

दिगंबरचे डोळे भरून आले. शब्दाने नाही, तर अशी मिळाली पावती. त्याने कटोरा दोन्ही हातांत घेतला, सोनाक्कालाही दिसेल असा उजवा अंगठा बुडाशी दाबला, डोळे मिटले आणि कटोरा वर उचलला.

पाणी मनगटावर आलं. मनगटावरून कोपरावर, आणि कोपरातून कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर.

त्याने डोळे उघडले. अंगठा तर जागच्या जागी होता. पाणी पलीकडच्या बाजूने गळत होतं.

त्याने कटोरा फिरवला. बुडापासून वर एक चीर गेली होती. चिरेच्या कडेचं लाकूड काळं पडलं होतं, झिजून गुळगुळीत झालं होतं. अंगठ्याएवढंच.

त्याने तिथे अंगठा ठेवला.

पाणी थांबलं.

"दोनदा मेण भरलं मी," सोनाक्का हळूच म्हणाली. "कढत आमटी वाढली की वितळतंय."

 सदऱ्याच्या टोकातून थेंब ओसरीवर पडत राहिले.

लाकूड ओलं होतं. हे दिगंबरला तेव्हाही माहीत होतं. सुताराने बजावलं होतं, फणस सावलीत वर्षभर वाळू दे, घाई केलीस तर तडकेल. पण दत्तजयंती तोंडावर आली होती, सभा भरणार होती, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून तयार होता. चिरेची लाज वाटली. पण त्याहून जास्त लाज वाटली त्या तासभराच्या प्रवचनाची. बायकांनी पुसलेले डोळे आठवले. साळोख्यांचा फोड आठवला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भुईने पोटात घ्यावं तर तीही मठाचीच भुई.

"बाबा..." तो चिरेकडे बघत म्हणाला. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू अर्थ सांगत हुतास." बाबांनी सोललेले दाणे पाखडले. "चांगला सांगत हुतास."

दिगंबरने मान खाली घातली ती वर होईना.

"हा मी घेऊन जातो," तो शेवटी म्हणाला. "चुलीत घालतो. वाळलेल्या लाकडाचा दुसरा करून आणतो."

बाबांनी हात पुढे केला. तो पुढेच ठेवला. दिगंबरला कटोरा परत द्यावा लागला. न बघताच बाबांचा अंगठा आपल्या जागेवर जाऊन बसला. उरलेलं पाणी ते सावकाश प्यायले. एक थेंब सांडला नाही.

दिगंबरने लेथची चित्रं गोळा केली. बिडाच्या लेथचं भिजलं होतं. ते त्याने नुसतंच चुरगाळून खिशात कोंबलं. उठला. उंबऱ्याशी घुटमळला.

"मग बाबा... मोठा लेथ नकोच ना?"

"घे की."

बाबांनी कटोरा खाली ठेवला. मघाशी दिगंबरने फाकवले होते तेवढे दोन्ही हात फाकवले, जणू ती काठवट हातांत धरलीय. मग त्यांनी उजवा अंगठा हवेत ताठ केला आणि त्या अंगठ्याकडे निरखून बघितलं.

"घे की, दिगंबर. पर माझा अंगठा एवढाच हाय."