खिंडीतली दुसरी भाकरी

दोन राज्यांच्या मधल्या एका खिंडीत एक मुलगी एकटीच राहत असे. तिथून येणारे-जाणारे पुष्कळ, पण थांबणारा कोणी नाही. वारा असा की माणूस मान खाली घालून चालतो आणि पुढची वस्ती येईपर्यंत वर बघत नाही. मुलगी रोज संध्याकाळी दोन भाकऱ्या थापायची. एक स्वतः खायची आणि दुसरी दाराबाहेरच्या दगडावर ठेवायची, कोणी थांबलंच तर असावी म्हणून. सकाळी ती कावळे न्यायचे.

तिचा बाप पूर्वी गावात राहायचा. शेजाऱ्याचा बैल मेला, आळ त्याच्यावर आला, आणि त्याचं सांगून व्हायच्या आतच पंचांनी त्याला गावाबाहेर काढलं. "माझं बोलणं अजून संपलेलं नाही," असं तो मरेपर्यंत म्हणत राहिला. म्हणून मुलीला न्याय शिकायचा होता.

एके दिवशी खिंडीतून दवंडी गेली. राजधानीतल्या न्यायशाळेत नवे विद्यार्थी घेणार होते. ज्याला यायचं असेल त्यानं आपली हकीकत लिहून आणावी, असा हुकूम होता. केवढी लिहावी, असं मुलीनं विचारलं, तर दवंडीवाला म्हणाला की आपलं काम ओरडायचं, मोजायचं नाही.

मग तिनं वाटसरूंना विचारलं. घोड्यांचा व्यापारी चालता चालताच म्हणाला की एक ओळ पुरे, मोठ्या माणसांना वेळ नसतो. पुराणिकबुवांनी सांगितलं की चांगली जाडजूड हवी, हातात वजन लागलं की मान मिळतो. दोघांनीही न्यायशाळा पाहिलेली नव्हती, त्यामुळे दोघांनाही अगदी खात्री होती.

मुलगी लिहायला बसली आणि थांबेचना. वारा लिहिला, कावळे लिहिले, बापाची काठी लिहिली, आजारपणात एकटीनं काढलेली रात्र लिहिली. बापाचं ते वाक्य कुठेतरी मधेच आलं आणि पुढच्या पानांखाली गेलं. शेवटी एवढा गठ्ठा झाला की तो पाठीला बांधून न्यावा लागला.

न्यायशाळेची एक रीत होती, आणि ती दाराच्या आत गेल्यावरच कळायची. जे परत जात ते लाजेनं सांगत नसत, आणि जे राहत ते इतके विद्वान होत की त्यांना साधं काही सांगताच येत नसे. रीत अशी: आपली हकीकत शेजारी बसलेल्याला द्यायची. त्यानं ती वाचायची आणि गुरुजींपुढे तोंडी सांगायची. ज्याला सांगता आली तो आत, ज्याला नाही तो घरी.

मुलीच्या शेजारी एक विणकर होता. त्यानं गठ्ठा घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं आपला कागद तिला दिला. त्यावर एकच ओळ होती: मी विणकर, मला न्याय शिकायचा आहे.

न्यायशाळेच्या चौकातलं ऊन सरकत होतं. विणकर भराभर पानं उलटत होता, घामाघूम होत होता. मुलीला पहिल्यांदा कळलं की आपल्या लिहिण्यामुळे हा माणूस घरी जाईल. आणि त्याच्या न लिहिण्यामुळे आपण.

"दादा," ती म्हणाली, "पानं राहू द्या. मी सांगते तुम्हाला. पण आधी तुम्ही सांगा, न्याय कशाला हवाय?"

विणकरानं गठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाला, "बापाच्या मागे एकच माग. मी आणि भाऊ भांडलो. मिटवायला कोणी आलं नाही. माग तसाच पडलाय, आणि आमच्या दोघांत भिंत. हे कोणाला बोललो नव्हतो." मग मुलीनं आपल्या बापाचं ते वाक्य आणि दगडावरची भाकरी, एवढंच त्याला सांगितलं.

गुरुजींपुढे मुलीनं तो माग आणि ती भिंत सांगितली. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. विणकरानं तिच्या बापाचं ते वाक्य सांगितलं, आणि दगडावरची भाकरी सांगितली.

गुरुजींनी दोघांना आत घेतलं. मग गठ्ठ्याकडे बघून मुलीला विचारलं, "बाकीचं कोणासाठी लिहिलंस, पोरी?"

मुलीचे डोळे भरले. "खिंडीत बोलायला कोणी नसतं, गुरुजी. लिहीत होते तोवर कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं. म्हणून संपवावंसं वाटेना."

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी गठ्ठा तिला परत दिला आणि विणकराला म्हणाले की वेळ मिळेल तसा हिच्याजवळ बसत जा.

त्या संध्याकाळी मुलीनं न्यायशाळेच्या चुलीवर सवयीनं दोन भाकऱ्या थापल्या. दुसरी कुठे ठेवावी ते तिला सुचेना. तेवढ्यात विणकर येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "त्या कावळ्यांचं पुढे काय झालं?" ती सांगत राहिली, तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता दुसरी भाकरी त्यानं संपवली.

या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: आपलं सांगणं केवढं असावं, ते ज्याला ते पुढे न्यायचं आहे त्याच्याकडे बघून ठरवावं, आणि त्यात न मावलेलं ऐकायला एखादं माणूस जोडावं.