दोन जास्तीचे पेले

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीवाट झाली नव्हती तेव्हा, गारवड नावाच्या डोंगरगावात ठमाबाई राहायची. गावाच्या माथ्यावर चहाची झाडं होती. मळ्यात असतात तशी कमरेएवढी झुडपं नव्हेत, जुन्या आंब्यासारखी उंच, शेवाळानं मढलेली. ती कुणी लावली हे कुणाच्या पणज्यालाही ठाऊक नव्हतं. ठमाबाई अनवाणी वर चढायची, कोवळी पानं खुडायची, आणि खाली बायका ती खापरावर भाजून वाळवायच्या. हा चहा खालच्या बाजारात गेला की बदल्यात मीठ नि तांदूळ वर यायचे. गाव त्यावरच जगायचं.

गावाची एक रीत होती. चढण्याआधी खुडणारीनं खोडाला कपाळ टेकवून गावची खबर सांगायची. कुणाकडे पाळणा हलला, कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं. मरणाची खबर मात्र त्या घरच्या माणसानंच द्यायची. झाडापासून काही लपवलं तर पान कडू होतं, असं म्हणतात.

ठमाबाईचा एकुलता एक मुलगा सावळा. पावसाळ्याच्या तोंडाशी तो चहाचं ओझं घेऊन घाट उतरला, तो परतलाच नाही. बरोबरच्या गड्यांनी सांगितलं, नदीला लोंढा आला, सावळा दिसेनासा झाला. हाती लागलं ते फक्त त्याचं घोंगडं. गाव रडलं. ठमाबाई रडली नाही. तिनं घोंगडं वाळवलं, घडी करून ठेवलं, आणि झाडाला चकार शब्द न सांगता वर चढली.

त्या हंगामात चहा इतका कडू निघाला की बाजारातून ओझी जशीच्या तशी परत आली. घराघरातलं मीठ संपलं. शेवटी तिची जाऊ कोंडाबाई उंबऱ्यावर येऊन बसली.

"ठमे, अळणी पेज बघून पोरं तोंड फिरवतात. झाडाला एकदा सांगून टाक."

"काय सांगू?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे ते."

"गावानं पाहिला का त्याला मेलेला? मी नाही पाहिला. मग झाडापाशी खोटं कसं बोलू?"

"नांदायला आलीस तेव्हापासून अशीच हट्टी तू," कोंडाबाई म्हणाली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बरं, मेला म्हणू नकोस. तुला ठाऊक आहे तेवढं तरी सांग. गप्प बसणं हेही लपवणंच की."

ठमाबाईनं घोंगडं खांद्यावर टाकलं नि माथ्यावर गेली. गाव मागोमाग गेलं, पण लांबच थांबलं. सगळ्यात जुन्या झाडाला कपाळ टेकवून ती म्हणाली, "माझा सावळा घाट उतरून गेलाय. अजून यायचाय. मी वाट बघतेय." आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

असं म्हणतात, वारा नव्हता तरी झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हललं. पानापानांतून धुकं पाझरलं आणि तिच्या पाठीवर थेंब थेंब ओघळलं. पोरांनी ओंजळी धरल्या, तर पाणी गोड. त्यानंतरचा चहा गुळाशिवाय गोड लागायचा.

पुढे ठमाबाई घाटाच्या तोंडाशी चहा घेऊन बसायची. सावळ्यासाठी एक पेला जास्तीचा भरायची. येणाऱ्याला विचारायची, "वाटेत माझा सावळा भेटला का?" नाही म्हणायला कुणाची जीभ उचलत नसे. "मागून येत असेल, मावशी," असंच सगळे म्हणायचे.

म्हातारपणी एका सकाळी ती घोंगडं घेऊन त्याच झाडावर चढली. धुकं निवळलं तेव्हा फांदीवर घोंगडं होतं, ठमाबाई नव्हती. तिच्या घरचं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून खबर द्यायला थकलेली कोंडाबाई पुढे झाली. खोडाला कपाळ टेकवून तिनं सांगितलं, "आमची ठमी वर चढलीय. अजून उतरायचीय."

आजही गारवडची झाडं बघायला दुरून माणसं जातात. त्यांना आधी त्या झाडापाशी नेतात, आपलं नाव सांगायला लावतात. मग चहा ओततात, आलेल्या माणसांपेक्षा दोन पेले जास्त. ते दोन कुणी उचलत नाही. निवले की बायका ते झाडाच्या मुळाशी ओततात, आणि पुन्हा गरम भरून ठेवतात.