गेंदीने खडकावर लिहिलं

शके अठराशे चौऱ्याण्णव, वैशाख महिना. ऐनाच्या ढोलीत मधमाश्यांचं मोहोळ होतं. गेंदी नावाची तरुण माशी तिथे दारावर पहारा करी. काम फार पडतं म्हणून चिडून तिने पाणवठ्याच्या खडकावर, सगळं रान वाचेल असं, मेणाने लिहिलं, ‘आमच्याकडे इतकं राबवतात की भर दुपारी पहारेकरीसुद्धा पेंगतात.’

पाणी न्यायला आलेल्या, त्याच मोहोळातल्या म्हाताऱ्या भागाआजीने ते वाचलं. खडकापाशी अस्वलाची ओली पावलं होती. ती तडक परतली.

“गेंदे, हे तुझंच ना?”

“खोटं काय आहे त्यात?”

“खोटं असतं तर बरं होतं. अस्वल वाचून गेलंय. राणीपाशी बोलायला तोंड नव्हतं का तुला?”

“आजी, आता गं?”

“आता सगळ्यांना उठव. तुझं नाव मी घेणार नाही.”

दुपारी अस्वल आलं. त्याने ढोलीत पंजा घातला, तर सगळं मोहोळ जागं. ते नाक चोळत पळालं. मध वाचला, पिल्लं वाचली. गेंदीने खडकावरचं मेण खरवडून काढलं आणि गाऱ्हाणं राणीला सांगितलं. राणीने दुपारचा पहारा वाटून दिला.

पुढे पंख झिजून भागाआजीला उडवेना. गेंदीने तिला शेवटपर्यंत भरवलं. उपकार फिटले.