शिरपाने सुचवलेली मुलगी

आंबेखुर्द गावात शिरपा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा गावाचा शब्द. त्याच्या आत्याचा शब्द वेगळा होता, तो इथे लिहिता येत नाही.

शिरपा पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायचा. हात पानांवर, कान मोबाईलवर. 'फौजदार ढेकणे यांचे तपास' हा पॉडकास्ट म्हणजे त्याचा जीव की प्राण. दोनशे भाग झाले, फौजदार निवृत्त झाले आणि पॉडकास्ट संपला. शिरपाचे हातच थांबले. पान घ्यावं, काडी टोचावी आणि उसासा टाकावा, एवढंच काम उरलं.

आत्या दिवस मोजू लागली. येत्या रविवारी शिरपासाठी मुलगी बघायला जायचं होतं. आधीच्या सहा जणींनी नकार कळवला होता. ही सातवी, आणि आत्याच्या ओळखीतली शेवटची.

"वाचनालयातल्या मांडकेबाईंकडे जा," आत्या म्हणाली. "त्यांच्या कानात सदा काहीतरी चालू असतं. नवीन काय ऐकायचं ते विचार, पण रविवारपर्यंत माणसात ये बाबा!"

मांडकेबाई म्हणाल्या, "सोपं आहे. सुरुवातीची पाच मिनिटं ऐकायचीच नाहीत. नुसती ओळखपाळख असते. कामाचं सगळं पुढे."

शिरपा खूश होऊन घरी आला. आत्या पाठमोरी उभी राहून लुगड्याच्या निऱ्या करत होती. "शिरप्या, चुलीवर दूध ठेवलंय," तिने सुरुवात केली. शिरपाने लगेच दोन्ही कानांत बोटं घातली. आत्याचं बोलणं पाच मिनिटांच्या आत कधी आटपत नसे. त्याने बोटं काढली तेव्हा ती म्हणत होती, "तर मी देवळात जाऊन येते."

"ये," शिरपा म्हणाला.

दूध उतू गेलं, चूल विझली, मांजराची दिवाळी झाली.

"बाई, तुम्ही सांगितलं तसंच केलं," शिरपा वाचनालयात जाऊन म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, आत्याचं सगळं ऐकायचं! बरं, दुसरी रीत सांगते. दहा मिनिटं बसून बघायचं. मन रमलं नाही तर उठायचं आणि दुसरं धरायचं. भीड म्हणून धरायची नाही."

शनिवारी आत्याने त्याला महादू न्हाव्याकडे पिटाळलं. उद्या मुलीसमोर बसायचं, जरा माणसासारखा दिस, म्हणाली. शिरपा खुर्चीत बसला. दहा मिनिटांत उजवी मिशी गेली. पण मन काही रमेना. शिरपा उठला.

"अरे, डावी राहिली!" महादू ओरडला.

"भीड धरायची नाही," शिरपा म्हणाला आणि गळ्यातल्या फडक्यासकट दुसऱ्या न्हाव्याकडे गेला. त्याच्या दुकानाला कुलूप होतं. परत महादूकडे जावं, तर महादू वस्तरा घेऊन दारातच उभा होता, आणि त्याचा चेहरा दाढी करणाऱ्याचा नव्हता.

"बाई, तुम्ही सांगितलं तसंच केलं," अर्ध्या मिशीचा शिरपा म्हणाला.

बाई इतक्या हसल्या की वाचणारे लोक वर बघू लागले. "शिरपा, तू शोधूच नकोस आता. आपल्याला काही आवडलं ना, की ते दाबून ठेवायचं नाही. चार जणांना सुचवायचं. नावगाव नीट सांगायचं, गोडी लावायची. मग लोकही आपल्याला सुचवतात."

रात्री आत्याने उरलेली मिशी स्वतः कात्रीने उडवली. रविवारी दोघं खडकवाडीला मुलीकडे पोचली. मुलीचं नाव कावेरी. पोहे झाले आणि तिने विचारलं, "तुम्हाला कशाची आवड आहे?"

"फौजदार ढेकणे," शिरपा म्हणाला.

आत्याने डोळे मिटून घेतले. पण कावेरीचा चेहरा खुलला. "अगंबाई! मी दोनशेच्या दोनशे भाग ऐकलेत! ते निवृत्त झाले तेव्हा मी जेवले नव्हते."

मग दोघं तासभर बोलली. तिने त्याला नवे तीन पॉडकास्ट सांगितले, त्याच्या मोबाईलवर लावूनही दिले. निघताना तिचे वडील आत्याला म्हणाले, "आमच्याकडून पसंती आहे. तुमचा निरोप उद्या कळवा." आत्याला रडूच आलं. शिरपाला तर मुलगी इतकी आवडली होती, की परतीच्या वाटेवर तो आत्याच्या पुढे पळत सुटला. इतकं आवडलेलं दाबून कसं ठेवायचं?

गावात पोचल्याबरोबर तो चार जणांकडे गेला. चौघेही बिनलग्नाचे. चौघांनाही त्याने कावेरीचं नावगाव, वडिलांचा नंबर, ती कशी हसते, पोह्यांवर खोबरं किती घालते, सगळं सांगितलं. "एकदा बघाच," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी आत्या नवं लुगडं नेसून निरोप द्यायला निघाली. ती पोचण्याआधीच खडकवाडीला चार स्थळं जाऊन बसली होती आणि चौघेही सांगत होते, "शिरपाने पाठवलंय." मुलीच्या वडिलांनी काय समजायचं ते समजलं. नवरा मुलगा स्वतःच दुसरी स्थळं पाठवतो म्हणजे नकारच की! कावेरी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी त्या चौघांतल्या बियाण्यांच्या दुकानवाल्या जगन्नाथशी तिचं ठरलं.

लग्नात आत्या एका कोपऱ्यात तोंड फिरवून बसली. शिरपा मात्र पंक्तीत उत्साहाने जिलेबी वाढत होता. एका पाहुण्याने विचारलं, "तुम्ही कोणाकडचे? नवरीकडचे की नवऱ्याकडचे?"

"कोणाकडचाच नाही," शिरपा छाती फुगवून म्हणाला. "नवरी आधी मी बघितली. फार आवडली, म्हणून जगन्नाथला सुचवली."