ठमीच्या हाताचं माप

फार पूर्वी, शाळा ही गोष्टच जेव्हा नवी होती तेव्हा, डोंगराखालच्या एका गावात धान्याचं मोठं कोठार होतं. राज्याच्या दिवाणजींनी हुकूम काढला, की हे कोठार रिकामं करावं आणि तिथं लहान मुलांची शाळा भरवावी. गाव कुरकुरलं. मुलं काय, अंगणातही खेळतात, पण धान्य कुठं ठेवायचं? शेवटी पंचांनी अट घातली.

"एक महिना बघू. मग दिवाणजींनी स्वतः येऊन बघावं. शाळा चालतेय असं त्यांना दिसलं तर राहू द्या. नाहीतर सुगीच्या आत आमचं कोठार आम्हाला परत."

दिवाणजी कबूल झाले आणि गावात एक गुरुजी आले.

गुरुजी ताडमाड उंच होते. मनानं फार चांगले आणि टापटिपीचे इतके, की ताटातली चटणी कोशिंबिरीला लागली तरी त्यांना घास गोड लागत नसे. कोठारात पाऊल टाकताच त्यांनी धोतराचा सोगा खोचला. कोळिष्टकं काढली, जमीन सारवून घेतली, भिंतींना पांढरा स्वच्छ चुना दिला. मग त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या सुताराला बोलावलं.

"सुतारबाबा, लिहून घ्या. पाट्यांची फळी जमिनीपासून तीन हातांवर. पिशव्या अडकवायच्या खुंट्याही तीन हातांवर, सगळ्या एका ओळीत. पाण्याच्या माठाची घडवंची अडीच हात उंच. फळा दोन हात सोडून वर."

सुताराला लिहिता येत नव्हतं, पण ऐकलेलं तो विसरत नसे. त्या काळी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात धरत. माणसामाणसाचा हात वेगळा, म्हणून कामाला लागण्यापूर्वी सुतार ज्याचं काम असेल त्याच्या हाताएवढी एक काठी तोडून घ्यायचा आणि सगळं काम त्या काठीनं मोजायचा.

"माप कुणाच्या हाताचं घेऊ?" त्यानं विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? वर्ग माझा, माप माझं," असं म्हणून गुरुजींनी आपला लांबलचक हात पुढं केला. सुतारानं काठी तोडली.

आठ दिवसांत वर्ग असा सजला की बघत राहावं. फळी सरळ, खुंट्या सरळ, माठावर पितळी झाकणी. प्रत्येक खुंटीखाली गुरुजींनी गेरूनं त्या त्या मुलाचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं. जी मुलं अजून अक्षर शिकायची होती, त्यांना आपलं नाव वाचता येईल असं गुरुजींना का वाटलं, ते देव जाणे. पण दिसायला फार सुंदर दिसत होतं.

शाळा सुरू झाली. सत्तावीस मुलं आली, सगळी पाच-सहा वर्षांची, आणि पहिल्याच दिवशी एकच कल्लोळ उडाला.

"गुरुजी, पाटी!"

"गुरुजी, माझी पिशवी कुठली?"

"गुरुजी, पाणी!"

"गुरुजी, ह्याला पाणी दिलं, मला नाही दिलं!"

गुरुजी पाट्या काढून देत, पिशव्या अडकवून देत, ओगराळ्यानं पाणी देत. शेवटच्या मुलाला पाटी मिळेपर्यंत पहिल्याला तहान लागलेली असे. सगळ्यांचं पाणी पिऊन झालं की दुपार व्हायची, आणि मग पिशव्या काढून द्यायची वेळ. अभ्यास बिचारा मधल्या मधे राहून जायचा. दहा दिवस झाले तरी मुलं 'ग'पर्यंत पोचली नव्हती.

"ह्या गावची मुलंच परावलंबी," गुरुजी कपाळाचा घाम पुसत स्वतःशी म्हणायचे. "एक काम म्हणून स्वतः करत नाहीत!"

वर्गात सगळ्यात लहान होती ती ठमी. कुंभाराची मुलगी. उंची एवढीशी, पण डोळे टपोरे आणि बोलणं नेमकं. एके दुपारी गुरुजींचं लक्ष तिच्याकडे गेलं. सगळ्यांच्या मांडीवर पाट्या होत्या आणि ठमी मात्र सारवलेल्या जमिनीवर बोटानं काहीतरी गिरवत बसली होती.

"ठमे, तुझी पाटी कुठं आहे?"

ठमीनं वर बोट दाखवलं. पाटी फळीवर होती.

"मग मागितली का नाहीस?"

"तुम्ही कामात होता, गुरुजी. रोजच असता."

"रोज?" गुरुजी चमकले. "किती दिवस पाटीवाचून बसतेस तू?"

ठमीनं बोटं मोजली. "आजचा धरून पाच."

गुरुजी मटकन खाली बसले. खरंच बसले, तिच्याच शेजारी, सतरंजीवर. एवढ्या दिवसांत ते वर्गात खाली असे कधी बसलेच नव्हते. त्यांनी मान वर केली. फळी छताजवळ कुठंतरी होती. खुंट्यांच्या खालच्या बाजू दिसत होत्या. फळ्यावरचा 'क' बघायला मान दुखेपर्यंत वर करावी लागत होती. आपण एवढ्या हौसेनं लावलेला वर्ग मुलांनी अजून पाहिलेलाच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

शाळा सुटल्यावर ते ठमीचं बोट धरून थेट सुताराकडे गेले.

"सुतारबाबा, आकडे तेच ठेवा. तीन हात ते तीन हात, अडीच ते अडीच. फक्त हात बदला. ह्या पोरीचा घ्या."

सुतार रंधा मारायचा थांबला. त्यानं एकदा ठमीकडे आणि एकदा गुरुजींकडे पाहिलं.

"घेतो की. पण गुरुजी, दिवाणजी यायला आठच दिवस राहिले. खुंट्या उपटल्या की भिंतीला भोकं पडतील. चुना उडेल. आत्ता कसं, लग्नघरासारखं दिसतंय. दिवाणजी काय, घटकाभर येणार, बघणार आणि जाणार. तेवढं होऊ द्या, मग बदलू."

हे खोटं नव्हतं. गुरुजी तिथंच उभे राहून विचार करू लागले. शाळा गेली तर ही सत्तावीस मुलं पुन्हा धुळीत. आणि वर्ग आत्ता खरोखरच देखणा दिसत होता. दिवाणजींना तो आवडला असता, ह्यात शंका नव्हती. पण आठ दिवस म्हणजे ठमीचे आणखी आठ दिवस पाटीवाचून जाणार होते.

"ठमे," त्यांनी विचारलं, "तू काय म्हणतेस?"

"मला पाटी पाहिजे," ठमी म्हणाली.

"काढा काठी, सुतारबाबा," गुरुजी म्हणाले.

ठमीनं हात पुढं केला. सुतारानं इवलीशी काठी तोडली. दोन दिवस वर्गात ठोकाठोक चालली. फळी खाली आली, खुंट्या खाली आल्या, घडवंचीचे पाय कापले गेले, फळा उतरला. नावं पुसून सुतारानं प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र कोरलं. कुणाला मासा, कुणाला पोपट, कुणाला चंद्र. ठमीनं स्वतःसाठी मुंगी मागून घेतली. वर मात्र भिंतीला सत्तावीस भोकं उरली आणि ती बुजवायला चुना शिल्लक नव्हता. गुरुजींना ती भोकं बघवत नसत. वर्गात शिरताना ते मान खाली घालत.

तिसऱ्या दिवशी वर्गात काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. बऱ्याच वेळानं गुरुजींना उमगलं, की आपल्याला कुणी हाकच मारलेली नाही. मुलं आली, कुणाची माशावर, कुणाची पोपटावर अशा ज्याच्या त्याच्या खुंटीवर पिशव्या अडकल्या, पाट्या मांडीवर आल्या, ज्याला तहान लागली तो उठून पाणी पिऊन आला. गुरुजी मोकळे होते. त्यांनी खडू घेतला, कमरेत वाकून खालच्या फळ्यावर 'ग' काढला, आणि शाळा सुटेपर्यंत मुलं 'झ'वर पोचलीसुद्धा. गुरुजींची कंबर दुखत होती, पण असा आनंद त्यांना कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

दिवाणजींचा दिवस उजाडला. गुरुजी भल्या सकाळीच हार घेऊन वेशीवर जाऊन उभे राहिले. पण दिवाणजी घोड्याला पाणी पाजायचं म्हणून नदीच्या वाटेनं आले आणि थेट शाळेच्या दारात उतरले.

आत गुरुजी नव्हते. पण मुलं पाटीवर गिरवत होती आणि एक मुलगा फळ्यापाशी उभा राहून बाकीच्यांना 'ट' कसा वळवायचा ते सांगत होता. दिवाणजींनी इकडे तिकडे पाहिलं. खांद्यावरची शाल ठेवायला त्यांना खुंटी सापडेना.

"खाली आहेत, आजोबा," ठमी म्हणाली. हे दिवाणजी आहेत हे तिला कुठं ठाऊक! "थोडं वाका. आम्ही आधी उड्या मारायचो."

दिवाणजी वाकले. शाल मुंगीच्या खुंटीवर, ठमीच्या पिशवीशेजारी अडकली. ठमीनं त्यांना पाणी आणून दिलं.

"तुमचे गुरुजी कुठं आहेत?"

"कुणीतरी मोठे यायचेत, त्यांना आणायला गेलेत."

"मग पाट्या कुणी दिल्या तुम्हाला?"

"आमच्या आम्ही घेतल्या."

"आणि वर ही भोकं कसली?"

"तिथं आधी खुंट्या होत्या," ठमी म्हणाली. "गुरुजींचा हात मोठा आहे ना. मग त्यांनी माझ्या हातानं मोजल्या."

दिवाणजींनी ती भोकं पुन्हा एकदा नीट पाहिली. मग पगडी सावरत सतरंजीवर मुलांच्या ओळीत बसले.

एवढ्यात, दिवाणजी शाळेत उतरल्याचं कळून गुरुजी धापा टाकत आले. त्यांच्या मागोमाग पंचही आले. गुरुजींच्या हातातला हार चुरगळला होता. दिवाणजींना भोकांच्या भिंतीसमोर बसलेलं पाहून त्यांनी घाईघाईनं हात जोडले.

"सरकार, मी नव्हतो... वर्ग असा वाऱ्यावर..."

"तुम्ही नव्हता तेच बरं झालं," दिवाणजी म्हणाले. "मी पुष्कळ शाळा पाहिल्या. गुरुजी पाणी प्यायला बाहेर गेले तरी तिथली शाळा थांबते. इथं मी आलो तेव्हा शाळा चालू होती." आणि ते पंचांकडे वळले. "काय मंडळी? शाळा चालतेय, हे तुम्हालाही दिसतंय ना?"

पंचांचा मुख्य मघापासून आपल्या नातवाकडे बघत होता. नातवानं पाटीवर 'ट' काढला होता आणि तो आजोबांना दिसावा म्हणून पाटी उंच धरली होती.

"धान्याचं बघू आम्ही काहीतरी," तो म्हणाला.

शाळा राहिली. पुढं चुना आला, पण गुरुजींनी ती भोकं बुजवली नाहीत. आता वर्गात शिरताना ते मान वर करून त्यांच्याकडे बघत.

पुढच्या वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी सुतार पुन्हा आला. ठमी ऐटीत पुढं झाली आणि तिनं हात लांब केला. सुतारानं जुनी काठी तिच्या हाताला लावली. काठी दोन बोटं कमी पडली.

"वाढलीस की गं," गुरुजी हसून म्हणाले. "आता तुझं माप चालायचं नाही."

ठमीचा चेहरा क्षणभर पडला. मग तिनं वर्गभर नजर फिरवली. दाराशी एक नवी पोरगी अंग चोरून उभी होती, तिच्याहूनही लहान. ठमीनं तिला पुढं आणलं, तिचा हात अलगद सरळ केला आणि म्हणाली, "घ्या, सुतारबाबा. आता हिचा."

तात्पर्य: लहानांसाठी काही मांडायचं, तर आधी त्यांच्याशेजारी खाली बसून पाहावं आणि माप सगळ्यात लहानाच्या हाताचं घ्यावं. मोठ्यांना वाकता येतं.