तबकात राहिलेला विडा

ऐका सांडवाई, तुमची कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं, तिथं एक राजा होता. राजाला सात प्रधान होते. सातांचं मिळून मत एकच असे, आणि ते राजाचं असे.

सभेची रीत जुनी होती. राजानं मनातलं सांगायचं, मग विड्यांचं तबक फिरायचं. पटलं त्यानं विडा उचलायचा, न पटलं त्यानं तबकात ठेवायचा. तबकात विडा आहे तोवर सभा उठायची नाही, राजानंही जेवायचं नाही. रीत राजाच्या पणजोबांनी घातली. पणजोबा शहाणे होते. पण त्यांच्यामागं विडा ठेवणारा कुणी जन्माला आला नाही.

धाकट्या प्रधानाचं नाव केसोबा, बायकोचं येसू. सभेचे विडे येसू लावी. पडद्याआड बसे, पानाला चुना लावी, सगळं ऐके.

एके दिवशी राजा म्हणाला, "राई तोडू, हत्ती बांधू." साती विडे उचलले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "गायरान घेऊ, घोडे फिरवू." साती विडे उचलले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "होडीत बसायला राणीला पायऱ्या उतराव्या लागतात. तलावाचा सांडवा बुजवू, पाणी वाड्याच्या उंबऱ्याशी आणू. आज अमावास्या, विडा उद्या फिरवू." साती प्रधानांना अमावास्याही पटली.

सांडवा म्हणजे तलावाचं जादा पाणी वाहून जायची वाट. बांधाच्या पायथ्याशी खालचं गाव, आणि त्या गावात येसूचं माहेर. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "सांडवा बुजवला तर पावसाळ्यात पाणी जाईल कुठं?"

"पाण्याचं खातं थोरल्या प्रधानांकडे."

"आणि माझं माहेर?"

"ते महसुलात येतं."

मग येसू उठली, सांडव्यापाशी गेली, रडत बसली. तिथं एक म्हातारी कपडे धूत होती. "बाई बाई, का रडतेस?" येसूनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "सांडवाईचा वसा घे." "तो कसा असतो?" "सोपा असतो, म्हणून कुणी पाळत नाही. गोष्ट ज्याच्या दारी घडायची, त्याच्या दारी आधी जाऊन यावं, मग विडा उचलावा किंवा ठेवावा. नवरा सल्लागार असेल तर दारातच विचारावं, जाऊन आलात का? नाही म्हणाला तर पान वाढू नये. पण तू आज घेशील, उद्या मिरवशील, परवा विसरशील." "मिरवणार नाही, विसरणार नाही." येसूनं मान वर केली तो म्हातारी नाही, कपडे नाहीत. शेंदूर लावलेला दगड तेवढा ओला.

येसू घरी आली. पान वाढलं नाही. केसोबा रागावला, मग विनवू लागला, मग भुकेला खालच्या गावी गेला. सासऱ्यांच्या अंगणात उभा राहिला. सासरे म्हणाले, "या जावईबापू! वाट चुकलात वाटतं?" केसोबानं वर पाहिलं. समोर बांध, आणि बांधापलीकडे होडीचं शीड आंब्याच्या शेंड्याच्याही वरून चाललेलं. केसोबानं तिथं पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तबक फिरलं. सहा विडे गेले, एक राहिला. दुपार टळली. थोरले प्रधान म्हणाले, "केसोबा, उचला हो, माझं पथ्याचं जेवण निवतंय." दुसरे म्हणाले, "विडा आहे, विष नाही." तिसरे म्हणाले, "मत घरी ठेवून यावं माणसानं. आम्ही नाही ठेवून येत?"

राजानं विचारलं, "का ठेवलास?" पडद्याआड येसूचं बोट चुन्यातच राहिलं. केसोबा उठून उभा राहिला. तो म्हणाला, "महाराज, कारण इथून दिसत नाही. तिथं चलावं."

राजालाही भूक लागली होती. गेला, अंगणात उभा राहिला. डोक्यावरून राणीच्या होडीची छत्री चालली होती. राजा म्हणाला, "राणी इतक्या उंच कधी गेली?" सहा प्रधान म्हणाले, "पहिल्यापासूनच, महाराज." राजानं सांडवा बुजवण्याचा बेत सोडला. सांडवा राहिला, गाव राहिलं. केसोबाला शालजोडी मिळाली.

मग केसोबा उतला. प्रत्येक विडा ठेवू लागला. कुणाच्या दारी जाईनासा झाला. येसू मातली. हळदीकुंकवाला सांगू लागली, "आमच्याकडे उगीच विडा उचलत नाहीत हो." विचारायचं विसरली, पान वाढू लागली. विडा ठेवला की शालजोडी मिळते, हे बाकीच्या सहांनी पाहिलं. मग तेही ठेवू लागले. सातांचं मत पुन्हा एक झालं.

ज्येष्ठ लागला. राजा म्हणाला, "बांध झिरपतोय असं कानावर आलंय. दुरुस्त करू." साती विडे तबकात. सभा उठेना, राजा जेवेना. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. येसूचा भाऊ धावत आला. "ताई, परसात पाणी आलंय. भिंतीला हात लावला तर माती हातात येते. वर ढग भरलेत. तुमचे प्रधान करतात काय?"

"उपास करतात," येसू म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली. सांडव्याकडे तोंड करून तिनं हात जोडले, "आई, मिरवलं आणि विसरले, पदरात घे." मग तशीच सभेत गेली, आणि पडद्याआडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इकडून बांधावर जाणं झालं का?"

केसोबानं मान खाली घातली. "नाही." "भाऊजींचं झालं का?" एकेक करत सहाही म्हणाले, "नाही." थोरले म्हणाले, "बायकांनी सभेत बोलू नये." राजा म्हणाला, "बांधावर जाऊन या, मग बायकांच्या बोलण्याचाही विडा फिरवू."

सात जण गेले. गुडघाभर चिखलात रुतले, परत आले. केसोबानं पहिला विडा उचलला, मागून सहांनी उचलले. सभा उठली ती जेवायला गेली नाही, बांधावर गेली. राजानं पहिली पाटी उचलली. मग गावानं उचलल्या. आठ दिवसांनी पाऊस कोसळला. तलाव भरला, सांडवा वाहिला, खालच्या गावात चुली पेटलेल्या राहिल्या. थोरले प्रधान सांगत फिरले, बांध दुरुस्तीची कल्पना मुळात आपलीच. सांडवाईनं तेही ऐकून घेतलं.

जशी सांडवाई येसूला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. बायांनो, ज्यांच्या घरी सल्ला देणारं माणूस आहे, त्यांनी पान वाढण्याआधी विचारावं. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरांत आटोपली, ऐकणाऱ्यांना सुफळ होवो, सांगणारीला संपूर्ण होवो.