वहीचं पहिलं पान

खाडी या कोळणींची, मोजणीही यांनीच करायची; आणि त्यातून निघालेलं ज्ञान मात्र यांनाच वाचू द्यायचं नाही, याला चोरी नाही तर काय म्हणायचं?

भागीरथीकाकी तांडेल खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या वेचून जेवढ्या थकल्या नव्हत्या, तेवढ्या त्या मोजून थकल्या होत्या. सागर संशोधन संस्थेसाठी दहा वर्षं त्या रोजचा आकडा वहीत लिहीत आल्या. त्या आकड्यांवर संस्थेतल्या डॉक्टर निमकरांचा लेख परदेशी नियतकालिकात झळकला. तिसऱ्यांची वीण कुठल्या महिन्यांत होते, ते त्यात होतं. खाडीतल्या तिसऱ्या संपत चालल्या होत्या, आणि वेचणी कधी थांबवायची ते काकींना हवं होतं. तीनदा मागूनही लेख मिळाला नाही.

यंदाची वही न्यायला निमकर स्वतः आले. काकींनी चौथ्यांदा विचारलं.

"अहो काकी, सारांश सगळ्यांना खुला आहे. अख्खा लेख फक्त वर्गणीदारांना. म्हणून तर त्याला मान!"

"सारांशात महिने आहेत?"

"सारांशात कसे असतील?"

काकींनी सुस्कारा सोडला. वहीचं कोरं पहिलं पान फाडून त्यावर एक ओळ लिहिली आणि ते त्यांच्या हातात ठेवलं: 'यंदा तिसऱ्या कमी मिळाल्या.'

"आणि वही?"

"हा सारांश, सायेब. सगळ्यांना खुला. वही फक्त वर्गणीदारांना."

"वर्गणी काय तुमची?"

"तुमचा लेख. मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर."

निमकरांच्या मागे उभा असलेला ड्रायव्हर जांभई देत म्हणाला, "सर, गाडी फळ्यापाशीच लावलीय. खडू मागून आणू?"